उचलणारे आबा

आमच्या घरमालकांचं नाव मी इथं लिहिणार नाही. नुसतं नाव-आडनाव लिहिलं आणि पुढं 'पैलवान' लावायचं राहून गेलं, तर ते गडमुडशिंगीहून पहिली बस धरून येतील आणि माझ्या दारात उभे राहतील. 'पैलवान' लावलं, तर त्या नावाचे कोल्हापुरात निदान दहाबारा पैलवान निघतील आणि प्रत्येकजण म्हणेल, बाईंनी माझ्यावरच लिहिलंय. तेव्हा सगळी गल्ली म्हणायची तेच बरं. आबा.

भाड्यानं घर बघायला गेलं की मालक काय काय विचारतात हे मला पाठ झालं होतं. माणसं किती, गाडी कुठं लावणार, पाहुण्यांची ये-जा फार आहे का. आबांनी आम्हाला दारातच थांबवलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अठ्ठावन्न." मग माझ्याकडं वळून तोंड उघडणार, तेवढ्यात आतून मावशींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "बाईमाणसाचं सांगायचं न्हाय!" आम्हाला काही उमजेना. नंतर कळलं की ते वजन होतं, किलोमध्ये, आणि नवऱ्याचं अगदी बरोबर सांगितलं होतं.

माझ्या कडेवर आमची ऋतुजा होती, चार वर्षांची. तिच्या पायांत जन्मापासून जोर नाही. बसेल, बोलेल, शिकेल, सगळं करेल, पण चालणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी नीट समजावून सांगितलं होतं. खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या आणि जिन्याला सोळा पायऱ्या. मी म्हटलं, घर छान आहे पण आम्हाला जमणार नाही. आबांनी माझ्याकडून तिला अलगद घेतलं, एकदा वर-खाली केलं आणि म्हणाले, "साडेतेरा. हे काय वजन हाय व्हय? जिना हाय तर मी बी हाय की."

त्या चार वर्षांत तिला इतक्या सहज कुणी घेतलं नव्हतं. सख्खे नातेवाईकसुद्धा घेताना आधी माझ्याकडं बघायचे, कुठं धरू म्हणून. खोल्या कशा होत्या हे मला त्या दिवशी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी ते घर घेतलं ते त्या हातांकडं बघून.

'मी हाय की' हे आबांचं पालुपद. कुणाची म्हैस चिखलात बसली, कुणाची रिक्षा गटारात गेली, कुणाचं कपाट जिन्यात अडकलं, की आबा धोतराचा काचा मारून हजर. तरुणपणी तालमीत, मग कसबा बावड्याच्या बाजूला साखरेच्या गोदामावर, सगळा जन्म उचलण्यात गेला होता. उचललेल्या वस्तूचं वजन सांगितल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. एकदा गॅसवाला सिलिंडर ठेवून निघाला, तर आबांनी तो एका हातानं उचलला आणि म्हणाले, "दीड किलो कमी हाय." गॅसवाल्यानं हसत काटा लावला आणि मग त्याचं हसू गेलं. तेव्हापासून गल्लीतला प्रत्येक सिलिंडर आधी आबांच्या दारात थांबायचा.

माणसांनाही सुटका नव्हती. त्यांच्या मुलीला बघायला गडमुडशिंगीचा मुलगा आला, चांगला शिकलेला, शेतीवाडी असलेला. सगळे पोहे खात होते. आबा उठले, मुलाला कमरेत धरून जमिनीपासून हातभर उचललं आणि पाटावर परत ठेवलं. "पंचावन्न. हाडं हलकी हायत, पर पोरगं सरळ हाय." मुलाच्या हातातली बशी तशीच होती म्हणे, एक पोहा सांडला नाही. लग्न ठरलं. जावईबापू मात्र पुढं कितीतरी वर्षं सासऱ्यापासून दोन हात लांब बसायचे. अलीकडं आबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलीनं त्यांना आणि मावशींना आपल्याकडं नेलं, तेव्हा याच जावयानं त्यांना दवाखान्याच्या दारातून उचलून जीपमध्ये ठेवलं आणि मोठ्यानं सांगितलं, "ब्याऐंशी!" आबा इतके खूश झाले, की गडमुडशिंगी येईपर्यंत तेच सांगत होते.

मावशींचं मात्र वेगळं होतं. लग्नात हार घालायच्या वेळी आबांनी त्यांना उचललं होतं, सगळ्या मांडवासमोर, आणि आकडा पुकारला होता. "तवापासनं मी हेंच्या हाताला लागली न्हाय," असं मावशी भाकरी थापता थापता सांगायच्या. "माझा आकडा सगळ्या गावाला म्हाईत. काय गरज हुती?" पंचेचाळीस वर्षं झाली होती त्याला. यावर आबा उठून बागेत जायचे.

बाग म्हणजे आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडं. दोन झोपाळे, एक लोखंडी घसरगुंडी, एक सी-सॉ, चार बाकं आणि एक कडुनिंब. दारात तीन पायऱ्या आणि त्यानंतर गुरं नि मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून गोल फिरणारं अरुंद फाटक. बागेला माळी होता, पण राज्य आबांचं. तालमीतल्या हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, माती बदलली की जुनी तांबडी माती ते हातगाडीवर घालून आणायचे आणि झोपाळ्याखाली, घसरगुंडीखाली पसरायचे. रोज सकाळी स्वतः खोऱ्यानं उकरायचे. त्या मातीत ताक, हळद आणि तेल जिरलेलं होतं. पोरं तिच्यावर पडायची आणि उठून हसायची. चप्पल घालून त्या मातीवर पाय ठेवला की आबांचा आवाज पार कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापर्यंत जायचा.

माझे यजमान पेठ वडगावच्या बँकेत, घरी यायला दिवेलागण व्हायची. मी शाळेत मराठी शिकवते, पाचला परत. सकाळी आम्ही दोघं मिळून ऋतुजाला खाली न्यायचो. संध्याकाळ आबांची. बरोबर साडेपाचला ते वर यायचे, "चला पैलवान" म्हणायचे आणि तिला उचलून सोळा पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून, तीन पायऱ्या चढून, त्या फाटकातून तिरके होऊन आत न्यायचे. चाकाची खुर्ची आमच्या जिन्याखाली. झोपाळ्यावर तिला बसवून आपल्या पंच्यानं कमरेला बांधायचे. घसरगुंडीवर तिला मांडीत घेऊन, सत्तरी ओलांडलेला हा माणूस पोरांच्या रांगेत उभा राहून घसरायचा. आणि उचलताना रोज आकडा. "अठरा झाली." "बावीस. शाब्बास." "एकोणतीस! आता पुढच्या साली मला उचलणार ही." बाकांवरच्या बायका टाळ्या वाजवायच्या. ऋतुजा हसायची.

मीही टाळ्या वाजवायचे, हे कबूल करायला हवं.

आबा कधी लग्नाला किंवा लांबच्या जत्रेला गेले, की त्या दिवशी बाग नाही. ऋतुजा गॅलरीत बसायची आणि वरून खेळाचे निकाल सांगायची. मला वाटायचं, समजूतदार आहे पोरगी.

ती अकरा वर्षांची असताना गल्लीत बातमी आली, की महापालिका शहरातल्या जुन्या बागा नव्यानं करणार आहे, अशा, की कुठल्याही मुलाला आत जाता यावं आणि खेळता यावं. काही दिवसांनी एक इंजिनिअर मॅडम आल्या. पोरगेल्या वयाच्या, पाठीला सॅक, हातात टेप आणि एक जाड वही. त्यांनी कडुनिंबाखाली नकाशा पसरला. पायऱ्यांच्या जागी रॅम्प. गोल फाटक काढून रुंद दार. माती काढून रबराची जमीन. पाठ आणि पट्टा असलेला झोपाळा, त्याच्याशेजारी खुर्ची लावून सरकता येईल एवढ्या उंचीचा.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रॅम्प कशाला?"

"चाकाची खुर्ची आत यावी म्हणून, काका."

"आमच्या गल्लीत माणसं न्हाईत व्हय? हितं रॅम्प बांधायचा म्हंजे, हितं कोण उचलाय न्हाई अशी पाटी लावल्यागत झालं."

लोक हसले, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना ते पटलं. आबा तेवढ्यावर थांबले नाहीत. आमच्या जिन्याखालची खुर्ची रस्त्यावर मागवली, मॅडमना फाटकाबाहेर नेऊन म्हणाले, "बसा." त्या बिचाऱ्या बसल्या. तालमीतली चार पोरं पुढं झाली, खुर्ची मॅडमसकट उचलली, तीन पायऱ्या, फाटकावरून अलगद पलीकडं, आणि कडुनिंबाखाली ठेवली. मॅडमची वही छातीशी, डोळे मिटलेले. आबांनी छाती फुगवून विचारलं, "किती वेळ लागला? रॅम्पवरनं एवढ्यात येशीला?"

मॅडमनी डोळे उघडले, केस नीट केले. "छान उचललंत," त्या म्हणाल्या. "आता मला परत बाहेर जायचंय. पण मला कुणालाच सांगायचं नाहीये. तर मी कशी जाऊ?"

"सांगायचं न्हाय म्हंजे? सांगाय काय झालं?"

"काही झालं नाही. नुसतंच सांगायचं नाहीये."

आबांना हा प्रश्नच कळला नाही. "ह्या शिकल्याल्या माणसांचं काय खरं न्हाय," असं म्हणून ते मातीकडं वळले आणि माती का काढू नये याची कारणं सांगू लागले. मॅडम वहीत एकेक कारण लिहून घेत होत्या. ऋतुजा आबांच्या पंच्यानं बांधलेली, झोपाळ्यावर बसून मॅडमकडं बघत होती. ती काय बघत होती, हे मला तेव्हा दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा कोरे कागद घेऊन वर आले. रॅम्प नको, माती राहू दे, असा अर्ज लिहायचा होता आणि तो मीच लिहायचा होता. मी मराठीची बाई. इतरांच्या अर्जातल्या चुका काढण्यात माझी हयात गेली. मी नाही म्हणू शकले असते का? सात वर्षं ज्या माणसानं माझी लेक रोज उचलली, त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं, की आबा, रॅम्प हवा? मला ते कृतघ्नपणाचं वाटलं. मी झकास अर्ज लिहिला. 'या परिसरातील नागरिक परस्परांस साहाय्य करण्यास सर्वतोपरी समर्थ असून' वगैरे. एकही चूक नाही. खाली पहिली सही आबांची, दुसरी माझी.

त्यानंतर महिनाभरानं आबा एका संध्याकाळी तिला उचलून जिन्यातच थांबले. "अठ्ठावीस," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. पुढच्या आठवड्यात सत्तावीस. मग साडेसव्वीस. आबांनी मला गाठलं. "बाई, पोरीला काय झालंय? डाक्टरला दावा."

डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं. काही सापडलं नाही. मी नीट लक्ष दिलं तर ताटात अर्धी भाकरी राहायची. विचारलं तर "शाळेत खाल्लं." डबा उघडला तर तोही निम्मा. मी रागावले, गोड बोलले, आवडीचं केलं. आबा रोज सकाळी भिजवलेले बदाम वाटीतून घेऊन यायचे, सोलून. ती दोन घ्यायची आणि वाटी बाजूला सारायची.

एका शनिवारी आबा साडेपाचला आले, पण "चला पैलवान" म्हणाले नाहीत. तिच्या खाटेसमोर खाली उकिडवे बसले. गुडघे धरून बसावं लागलं त्यांना. मी ताट घेऊन उभी होते.

"पैलवान, शाळंत कोण बोललं काय? कोण चिडीवतंय का? नाव सांग निस्तं."

ऋतुजानं मान हलवली.

"मंग खात का न्हाईस?"

तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग आबांच्या गुडघ्यांकडं. "आबा, खाली उतरताना सातव्या पायरीला तुमचा गुडघा वाजतोय. आधी एकदाच वाजायचा. आता सातव्याला, दहाव्याला आणि बागेच्या पायऱ्यांना दोनदा."

"वाजू दे की. जुना हाय त्यो."

"मी अजून जड झाले की तुम्हाला जमणार न्हाई. मग मी हितंच. म्हणून मी कमी खाते."

ती रडत नव्हती. गणित सोडवून दाखवावं तसं सांगत होती. तिनं सगळा हिशोब केला होता, पायऱ्यांचा, गुडघ्यांचा आणि भाकरीचा, आणि तो तिच्या परीनं बरोबर होता.

आबा म्हणजे खाणाऱ्याच्या ताटाला हात जोडणारा माणूस. कुणी जेवत असेल तर दारातून परत फिरणारा, आणि लहान मूल ताटात टाकून उठलं तर त्याच्या आईशी दोन दिवस न बोलणारा. त्यांनी माझ्या हातातल्या ताटाकडं बघितलं आणि फरशीवर बसकण मारली. रोज हौसेनं पुकारलेला आकडा ही पोर रोज कशी ऐकत होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की ताट ठेवायचंही सुचेना. मी तिची आई. रोज वाढत होते आणि मला दिसलं नव्हतं. वर तो अर्ज माझ्या अक्षरातला.

मग आबा म्हणाले, "बाई, त्यो कागद परत लिवाय येतोय का?"

लगेच लिहायला बसलो. आबांनी सांगायला सुरुवात केली. "लिवा. आमी आधी जो अर्ज दिलता, त्यो चुकीचा हाय."

मी लिहिलं, 'पूर्वी सादर केलेल्या अर्जाचा फेरविचार व्हावा.'

"काय लिवलासा, वाचा बघू." मी वाचलं. "ह्यात चुकीचा हाय असं कुठं हाय?"

"त्याचा अर्थ तोच होतो, आबा. जरा बरं दिसतं."

"बरं दिसाय नगं. मी म्हनलो तसंच लिवा. पाठ टेकल्यावर न्हाय टेकली म्हणणारा पैलवान न्हवं मी."

मी तसंच लिहिलं. तीन ओळींचा अर्ज झाला. आधीचा अर्ज चुकीचा होता. रॅम्प पाहिजे. पोरगीला कुणाला न सांगता बागेत जाता आलं पाहिजे. ही तिसरी ओळ आबांची, आणि ती सांगताना त्यांनी मान वर केली नाही.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्याबरोबर ऑफिसात गेले. मॅडमनी फाइल उघडली. त्यात माझा झकास अर्ज वरच होता. त्यांनी नवा वाचला. "पहिला जास्त चांगल्या मराठीत होता," त्या म्हणाल्या, "पण हा जास्त समजला." मग त्यांनी सांगितलं, की रहिवाशांचा विरोध आहे म्हणून आमची बाग यादीत सगळ्यात शेवटी गेली आहे. ज्यांनी आधी सह्या केल्या, त्या सगळ्यांच्या सह्या यावरही आल्या तर वर घेता येईल.

"किती सह्या हायत?"

"चौसष्ट."

आबांनी कागद घडी करून टोपीत ठेवला. त्या दिवशी त्यांनी चौसष्ट दारं पालथी घातली. कुणी विचारलं, आबा, तुम्हीच तर रॅम्प नको म्हणत होता, तर उत्तर एकच. "मी पडलो त्या कुस्तीत. सही कर." तालमीतली पोरं मुकाट्यानं सही करून मोकळी झाली. मॅडम घरी जायच्या आत कागद त्यांच्या टेबलावर होता.

बाग व्हायला काही महिने लागणार होते. आबांना तेवढं थांबायचं नव्हतं. त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी खालून धडाधड आवाज यायला लागला. जाऊन बघते तर तालमीतली पोरं आबांचं कपाट बाहेर काढत होती.

"काय चाललंय, आबा?"

"तुमी खाली या. आमी वर जातो."

"अहो, तुमचे गुडघे!"

"जिना चढताना मी एकटाच असतोय की. माझं मी बघतो. कुणाला घिऊन चढायचं न्हाई, मग काय?" मी मावशींकडं बघितलं. त्या हंड्यात भांडी भरत होत्या. म्हणाल्या, "बरं हाय. वरनं रस्ता तरी दिसंल." संध्याकाळपर्यंत दोन्ही घरं बदलून झाली. शेवटी सुतार आला आणि त्यानं आमच्या नव्या उंबऱ्याला बाहेरून जाड फळीचा उतार करून दिला. गावातला पहिला रॅम्प आबांच्या स्वतःच्या दारात झाला, असं यजमान म्हणाले, आणि आबा त्यांना म्हणाले, "तू गप, काडी." आबा त्यांना पहिल्या दिवसापासून काडीच म्हणायचे.

मातीचं दुःख मात्र राहिलं. ती काढायला मजूर आले, तेव्हा आबांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः पोत्यांत भरली आणि पोती कडुनिंबाखाली रचून त्यांच्यावर बसून राहिले. मॅडम आल्या, शेजारच्या पोत्यावर बसल्या आणि वही उघडून म्हणाल्या, "या मातीत काय काय घालता?" आबांनी सांगितलं, ताक किती, हळद किती, तेल कुठलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी बागेत दगडी पायांवर एक उंच हौद उभा राहिला, खुर्चीची चाकं खाली जातील असा, आणि त्यात ती तांबडी माती भरली. ऋतुजानं कोपरापर्यंत दोन्ही हात त्या मातीत घातले. सात वर्षं ती त्या मातीवरून उचलून नेली जात होती, पण हाताला ती कधी लागली नव्हती. घरी येईपर्यंत तिनं हात धुवू दिले नाहीत.

रबराच्या जमिनीची परीक्षा आबांनी त्यांच्या पद्धतीनं घेतली. मॅडम, ठेकेदार, गल्ली, सगळे उभे असताना त्यांनी जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि कुणी काही म्हणायच्या आत सरळ पाठीवर पडले. मॅडम किंचाळल्या. आबा पडल्या पडल्या आभाळाकडं बघत म्हणाले, "वास न्हाय. पर लागत न्हाय." मग हात वर केला, कुणीतरी उठवावं म्हणून. चारजण धावले.

ऋतुजा पहिल्यांदा एकटी बागेत गेली, ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. साडेपाच वाजले होते. तिनं स्वतः दार उघडलं, फळीवरून उतरली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. मी उंबऱ्यात उभी, हात पदरात गुंडाळून, कारण नाहीतर ते आपोआप पुढं गेले असते. वर गॅलरीत आबा, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. त्यांच्या मागं मावशी. ऋतुजानं दोन्हीकडं बघितलं आणि निघाली. निम्म्या रस्त्यात असताना एक स्कूटरवाला थांबला, गाडी स्टँडवर लावली आणि हात पुढं करून म्हणाला, "ढकलू काय गं बाळ?"

"ओ पावणं!" वरून आबा गरजले. "हात लावायचा न्हाय!"

तो माणूस इतका दचकला, की हात वर करूनच मागं सरला. ऋतुजा पलीकडं पोचली. रॅम्प चढताना मधल्या सपाट जागेवर थांबली, दम घेतला आणि रुंद दारातून आत गेली. खुर्ची झोपाळ्याला लावली, ब्रेक लावला, हातांवर जोर देऊन सरकली. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. वर कठडा कुरकुरला. मी वर बघितलं नाही. तिसऱ्यांदा ती झोपाळ्यावर होती, पट्टा बांधत होती. साखळ्या ओढत ओढत तिनं घेतलेला झोका थोड्या वेळानं घरांच्या वर जायला लागला, असं मला तरी वाटलं.

आबांना मग राहवेना. सात वर्षांची सवय. त्यांनी गॅलरीतून हाक मारली, "पैलवान! वजन किती झालं गं?"

झोका पुढं आला, मागं गेला, परत पुढं आला.

"सांगत न्हाय!" ऋतुजा ओरडली.

सगळी बाग हसली. मावशी तर कठड्यावरून पुढं वाकल्या आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "बरं केलंस गं बाई माझी!" पंचेचाळीस वर्षांचं काहीतरी त्या टाळीत फिटलं. मग खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, म्हणजे शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं, आबांनी विचारलं,

"बाई, जेवतीया न्हवं?"

"दोन भाकरी," मी म्हटलं. "आणि वर भात."

"मंग नगं सांगू दे," आबा म्हणाले.